ब्रेक नसलेली सायकल

आबा,

परवा तळ्यावरच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. निवेदकाने ‘आपल्या महाडची राष्ट्रीय सायकल चॅम्पियन’ अशी ओळख करून दिली आणि माईक पुढे करून विचारलं, ऐन भरात असताना ट्रॅक का सोडलात? मी नेहमीचं उत्तर दिलं, गुडघा. लोक हळहळले. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता जिना चढताना तो खरंच थोडा दुखतो. पण घरी आल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

तुम्ही मला सायकल शिकवलीत तीच मुळी ब्रेकपासून. आळीतल्या बाकीच्या पोरी पायडल मारायला लागल्या होत्या, आणि मी सायकल हातात धरून उतारावरून खाली नेत होते, तुम्ही ‘दाब!’ ओरडलात की दाबत होते. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून घाट उतरून एमआयडीसीत कामाला येण्यात तुमची तरुणपणाची वर्षं गेली. पुढे आपण महाडला राहायला आलो, रस्ता सपाट झाला, कंपनीची बस आली, तरी तुम्ही सायकलनेच जात राहिलात. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघायची, जागची हलली नाही तरच टांग टाकायची. ‘चालवता कोनालापन येते गो. थांबवता आली पायजे,’ म्हणायचात. आई पदर तोंडाला लावून हसायची.

मग शाळेतल्या सरांनी मला पुण्याला पाठवलं आणि मी ट्रॅकवर गेले. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पायही फिरत राहतात. थांबायचं तर पायांनीच मागे रेटत तिला हळू करत आणायचं. सुट्टीत घरी आले तेव्हा मी हे सहज सांगून गेले होते. पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी पिशवीत नट आवळायचे पाने घेऊन आलात. मी अंघोळीला गेले तेवढ्यात पुढच्या चाकाला नवाकोरा ब्रेक बसवून मोकळे! त्याची पट्टी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधून अंदाजाने करून आणली होती. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर सायकल गेली आणि एकच हशा पिकला. मीही हसले, काय करणार! आमच्या कोचनी तुम्हाला समजावलं, काका, ट्रॅकवर ब्रेक लावणारीच सगळ्यांत धोक्याची, मागच्या सगळ्या तिच्यावर येऊन आदळतात. तुम्ही खाली बसून स्वतःच्या हाताने ब्रेक काढलात. ‘येवढ्या पोरी, आन एकीलापन ब्रेक नाय,’ एवढंच पुटपुटलात.

त्यानंतर तुम्ही माझ्या प्रत्येक स्पर्धेला आलात आणि एकही शर्यत पाहिली नाहीत. रजा टाकून कुठल्या कुठे यायचात, सुकटाची चटणी आणि तांदळाच्या भाकरीचा डबा माझ्या हातात द्यायचात आणि शर्यत लागली की बाहेर जाऊन ट्रॅककडे पाठ करून उभे राहायचात. ट्रॅक वळणावर वाटीच्या काठासारखा तिरका वर चढतो; तिथे मी वरच्या कडेला गेले की भिंतीपलीकडे तुमचा पांढरा शर्ट दिसायचा, पाठमोरा. शर्यत संपल्यावर पहिला प्रश्न, ‘पडलीस नाय ना?’ पदकाचं नंतर.

मला आधी राग यायचा. मग गंमत वाटायला लागली, मैत्रिणींना तुमची नक्कल करून दाखवायचे. पण एखाद्या सकाळी ट्रॅक रिकामा असताना तुम्हाला आत न्यावं, कट्ट्यावर बसवावं आणि दाखवावं, हे बघा आबा, ही अशी थांबते, हे मला कधी सुचलंच नाही. घटकाभराचं काम होतं. तुम्ही मान हलवली असतीत, कदाचित पुढच्या शर्यतीला आत बसलाही असतात. आता मी शाळेत पोरींना शिकवते, साधी साधी गोष्ट दहादा समजावते. तुम्हाला मात्र एकदाही समजावलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग एक दिवस तुम्ही दुपारी फर्स्ट शिफ्टहून आलात, छातीत दुखतंय म्हणालात आणि मुंबईला नेईपर्यंत सगळं संपलं. काही महिन्यांनी मी पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत उतरले. सराव चोख होता, अंगात जोर होता. शेवटच्या फेरीची घंटा वाजली, मी सवयीने वरच्या कडेला गेले आणि भिंतीपलीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा ट्रॅकचा उतार दिसला, शेजारच्या मुलीचं चाक किती जवळ आहे ते दिसलं. माझी बोटं हँडलवर ब्रेक शोधायला लागली. इतकी वर्षं माझ्या वाट्याची भीती तुम्ही बाहेर उभे राहून घेत होतात, आणि मी समजत होते की मी धीट आहे. त्या दिवशी शेवटून पहिली आले. पुढच्या स्पर्धेतही तेच झालं. मग मी गुडघा पुढे केला.

तुम्ही काढलेला तो ब्रेक आता माझ्या शाळेत जायच्या सायकलला आहे. रोज निघण्याआधी दाबून, ढकलून बघते. हे पत्र पाठवायचं तरी कुठे, म्हणून कपाटातच राहील. दुसऱ्या कुणाला सांगायचा धीर अजून होत नाही. गुडघ्याला कधीच काही झालं नव्हतं, आबा. मी घाबरले होते.