किल्लीची मूठ

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत किल्लीवर बसवायची मूठ पाठवते आहे. बारावीला प्रॉडक्ट डिझाइन घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, पोरगी चित्रं काढत बसणार. इथे वसतिगृहात पॉलिश पेपर घासून बोटांची सालं निघालीयत! एका खऱ्या माणसाची अडचण शोधायची, तिच्यावर वस्तू करायची, आणि त्या माणसानं ती वापरून खरं काय ते कळवायचं. माझं माणूस तू. बोटं आखडतात म्हणतेस ना, म्हणून ही अख्ख्या मुठीत धरायची. वर्षाचे निम्मे गुण याच्या अहवालावर आहेत, आणि त्यावर बाबांची सही लागते.

लोभ आटला तर मूठ परत मागेन.
तुझी खुडबुडी

१२ जानेवारी

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

काय गं देखणं काम! शेजारीण तर बघतच राहिली. किल्ली अलगद फिरते, नाव ठेवायला जागा नाही. वेळेवर जेव, बापासारखी वाळू नकोस.

आहे तो लोभ जप.
आत्या

२० जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाईंना दाखवलं. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, की हे कौतुक झालं, चाचणी नव्हे. आत्या, मी कंटाळले गं. ज्याला विचारावं तो छानच म्हणतो. आई भेटायला आली तेव्हा नुसत्या लाकडाच्या ठोकळ्यालाही छान म्हणाली. माझी शपथ आहे, एकदा खरं लिही.

रागावले असले तरी तुझीच,
खुडबुडी

२९ जानेवारी

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

शपथ घातलीस, आता काय बोलणार! मूठ गुळगुळीत आहे. जोर लावला की हातातच सरकते, किल्ली जागची हलत नाही. आधीही हलत नव्हती. बाजारात जाताना शेजारीण कुलूप लावून देते. दाराला कडी नाही, आतूनही किल्लीच लागते, म्हणून कित्येक महिने मी दार नुसतं लोटून झोपते.

तुझ्या बापाला कळलं तर मला न्यायला गाडी घेऊन हजर होईल. माझा भाऊ वाईट नाही गं, पण हे घर माझं आहे. इथे दिवा मालवायला कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून झाकून ठेवलं. आता झाकायचाही शीण आलाय. तुझ्या अहवालात सगळं लिही. बापाच्या सहीशिवाय अहवाल घेत नाहीत, म्हणजे तो वाचणार, ठाऊक आहे मला. मूठ मात्र लांब कर, तळव्यानं ढकलता येईल अशी.

अक्षर वाकडं आलंय, लोभ सरळ आहे.
आत्या

१५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नवी मूठ पाठवते आहे. बाबा सहीला आले होते. वाचून म्हणाले, तिला घरी घेऊन येतो. मी भांडले, म्हटलं, निदान ही मूठ वापरून बघू दे तिला. ते म्हणाले, उद्या तिला कपही उचलवला नाही तर काय करशील? आणि सही करून टाकली. रविवारी ते तुला न्यायला येतायत. मी लिहायलाच नको होतं गं.

रागावू नकोस.
खुडबुडी

२४ फेब्रुवारी

चि. खुडबुडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या खोलीतून लिहिते आहे. खिडकी चांगली आहे, पलंग जरा उंच. तू लिहिलंस ते बरोबरच केलंस, जिवाला लावून घेऊ नकोस. वाद घालायचं त्राण माझ्यातच नव्हतं.

निघताना तुझा बाप म्हणाला, कुलूप मी लावतो. मी म्हटलं, थांब. तुझी मूठ बसवली, तळव्यानं ढकलली. किल्ली फिरली गं! मनगटही दुखलं नाही. पुन्हा उघडून पाहिलं, तेही जमलं. आत जाऊन जरा बसले. मग बाहेर येऊन माझ्या हातानं घर बंद केलं.

अहवालात लिही, मूठ चालली म्हणून.

तुझी आत्या