तुमचं तांबडं कोरल

बाबा,

१. तुमच्या काचेच्या टाकीतलं तांबडं मशरूम कोरल, ते मऊ प्रवाळ, गुरुवारी दगडावरून सुटून खाली वाळूत पडलं. जिवंत आहे.
२. मला पुण्यात नोकरी लागली आहे. ते सोबत न्यायचं मी ठरवलं होतं.
३. आई म्हणाली, ते इथेच राहील.

टाकी अजून दाना ओलीतल्या घराच्या त्याच खोलीत आहे. ग्वाल्हेरात बसून तुम्ही बादलीभर पाण्यात मीठ कालवायचात आणि आई म्हणायची, "लोक समुद्र बघायला गोव्याला जातात, आमच्याकडे तो मोरीत ढवळतात." हे कोरल आणलंत त्या दिवशी तुम्ही ते गोंदाने दगडाला चिकटवलं. त्याने बुळबुळीत चिकटा सोडला आणि घसरून पडलं. मग तुम्ही स्वयंपाकघरात येता, प्लास्टिकच्या वाटीत दगडाचे तुकडे घालता, त्यावर ते ठेवता आणि ते वाहून जाऊ नये म्हणून आईची चहाची गाळणी वर पालथी बांधता. "आता चहा कशात गाळू?" "आज पत्तीसकट पी. याला चिकटवायचं नसतं, हे स्वतःच धरतं." काही आठवड्यांनी त्याने एक तुकडा धरला. तोवर घरात नवी गाळणी आली होती.

कॉलेजच्या सुट्टीत मी तुम्हाला सांगितलं होतं की हे कोरल मधोमध, त्याच्या तोंडातूनच कापलं तर दोन्ही अर्धी वाढून पूर्ण होतात. तुम्ही काच पुसत होतात. वळून न बघता म्हणालात, "पुस्तकात दोन होतात. माझ्याकडे एकच आहे." त्यानंतर लवकरच तुम्ही गेलात आणि टाकी माझ्याकडे आली.

आता आईच म्हणते, "अर्धं ठेवून जा ना, विरजण ठेवतो तसं. तू गेल्यावर टंकीत पानी तर मीच टाकणार." पद्धत मला येते. साध्या तपकिरी कोरलांवर करून पाहिली आहे. बहुतेक जगली, सगळी नाही. हे दगडावरून सुटलेलंच आहे, त्यामुळे कापायचं तर आत्ताच. ब्लेड आणलं आहे, दोन वाट्याही तयार आहेत.

हे पत्र कुठे जाणार नाही, ते मला कळतं. आईला मी "बरं" म्हटलं आहे. तिला न सांगितलेलं एवढंच, की मला अर्धं नको आहे, अख्खं हवं आहे.

रविवारी सकाळी कापते आहे. कापू नये असं वाटत असेल, तर शनिवारपर्यंत कळवा.