टॅपेटची टकटक

रविवार, दिवेलागण

मोटारसायकलची टॅपेटं, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह दाबणारे खटके, घरीच सेट केली, फुकटात, असं सकाळपासून सगळ्यांना सांगत होतो. खरा खर्च मांडला तर अंगठ्याचं साल, पुरा रविवार आणि आता डोक्यात हा घोळ.

उद्यापासून माझी लेक मंगल याच मोटारसायकलवर एकटी हिंगोलीला नोकरीवर जाणार. इंजिनातली टकटक मला खटकून राहिली होती, म्हणून उघडलं. मंगल फट मोजायची पातळ पत्ती घेऊन आली. "बाबा, व्हॉल्व्हची फट मोजून ठेवा ना. तापल्यावर लोखंड फुगतं, तेवढी जागा लागते."

म्हणालो, "पोरी, ज्याचे कान बहिरे त्यानं पत्ती वापरावी. गल्लीत कोणाची गाडी शिरली, ते मी आत बसून सांगतो."

"व्हय, पण गाडीला कान न्हाईत, बाबा."

मी स्क्रू आवळत गेलो. टकटक कमी झाली, आणखी कमी, मग पार बंद. इंजिन कसं लेकरू झोपल्यागत शांत.

फेरी मारायला निघालो तर पुसेगावच्या अलीकडे गाडी तापली अन् गपकन बंद पडली. किक पोकळ जायला लागली, आत दाबच नाही. थंड झाली की चालू, तापली की बंद. काहून? पेट्रोल आहे, प्लग नवा आहे. टकटक गेली म्हणजे रोग गेला ना? मग हे काय? उद्या लेकीच्या हातात ही गाडी कशी द्यावी?

शेवटी ढकलत घरी आणली. वाटेत जेवढ्या गाड्या मला ओलांडून गेल्या, त्या सगळ्यांची टॅपेटं बारीक टकटक करत होती.