आतून न पुसलेली काच

४ डिसेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि चहा होईपर्यंत ते टेबलावर तसंच ठेवलं. खरं सांगायचं तर दोनदा चहा होईपर्यंत. रागावू नका, इतक्या वर्षांनी आलेलं पत्र एकदम फोडवत नाही.

दादाची शुगर आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. डावा गुडघा कुरकुरतो. घरात मी आणि शेडमध्ये बाबांची गाडी, दोघांचेही सांधे वाजतात, त्यामुळे सोबत होते.

तुमच्या धाकट्याला ती गाडी हवी आहे, यात मला विचारायचं काय? त्याच्या आजोबांची गाडी, मी नुसता राखणदार. खुशाल न्या. पुढच्या काचेला तडा गेलाय हे मी दादाला फोनवर बोललो होतो. शेडमधली शिडी घसरली आणि तिचं टोक नेमकं काचेच्या वरच्या कोपऱ्यावर बसलं. तडा आधी बोटभर होता, आता वीतभर झालाय. रोज सकाळी जाऊन बघतो, रोज तो थोडा पुढे आलेला असतो. तुम्ही लिहिलंय, ‘काच तेवढी बदलून ठेवा.’ ठेवतो. पण हे काम वाटतं तेवढं सरळ नाही हो.

पहिल्या दुकानात फोन केला. गाडीचं मॉडेल सांगितल्यावर पलीकडचा पोरगा म्हणाला, “काका, ही गाडी माझ्या जन्माच्या आधीच बंद झाली.” जसा काही दोष माझाच. दुसऱ्याने सांगितलं, आमच्याकडे फक्त गोंदाने चिकटवायच्या काचा बसवतात, ही रबरात बसणारी, आमच्या माणसांना जमायची नाही. तिसऱ्याकडे गाडी घेऊन गेलो. तासभर बाकावर बसवून ठेवलं. बसल्या बसल्या रस्त्यावरच्या लाल गाड्या मोजल्या, जुनी सवय. मग एक आडदांड गडी आला, म्हणाला आत बसून दोन्ही पायांनी रेटतो, अर्ध्या मिनिटात काच बाहेर. मी त्याला हात लावू दिला नाही, गाडी घेऊन परत आलो. त्याचे बूट आतल्या बाजूला लागले असते. ती बाजू मी कुणाला पुसूसुद्धा देत नाही. असो, माझी एकेक खुळं.

शोधतो आहे. सापडला की कळवतो.

तुमचा दीर

ता. क. धाकट्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचलं. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात.


१३ डिसेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. सापडला! गाड्यांच्या सीटा शिवणारा माझा एक दोस्त आहे, त्याने पत्ता दिला. जुन्या गाड्यांच्या काचा बसवणारं म्हातारं जोडपं. दुकान कधीच बंद झालंय, पण घरात अजून काचाच काचा. भिंतींना टेकवलेल्या, कपाटामागे, जिन्याखाली. चालताना अंग चोरून चालावं लागतं.

म्हाताऱ्याने गाडीचं नाव ऐकलं आणि डोळे मिटून म्हणाला, “आहे. एकच आहे.” त्यावर म्हातारी आतून ओरडली, “माझ्या पलंगाखाली आहे! तीस वर्षं तिच्यावर झोपतेय मी. न्या एकदाची!”

काम दोघं मिळून करतात. काचेभोवतीच्या रबराला खाच असते, तिच्यात दोरी भरायची. मग एकाने आत बसून दोरी ओढत जायची आणि दुसऱ्याने बाहेरून तळहाताने काच दाबत जायची. म्हातारी आत, म्हातारा बाहेर. “चाळीस वर्षं आमचं बोलणं काचेतूनच चालतं,” तो म्हणाला, “म्हणून टिकलं.” ते ऐकून फार दिवसांनी मोठ्याने हसलो.

गुरुवारी येतात. मी एकच अट घातली, जुनी काच आतून पुसायची नाही. तो म्हणाला, फेकायची काच पुसेल कोण?

धाकट्याबद्दलचं राहिलंच. आज घाईत आहे.

तुमचा दीर


२० डिसेंबर

वहिनी,

काच बसली. गाडी तयार आहे. पत्र इथे संपवता येईल, मागची दोन मी अशीच संपवली. आज नाही संपवणार. शक्य असेल तर हे एकटीने वाचा. दादाला नंतर द्या, पण द्या.

गुरुवारी सकाळी दोघं आले. थंडी कडाक्याची होती. मी शेडचं दार उघडलं आणि म्हातारी तरातरा जाऊन गाडीत बसली, माझ्या शेजारच्या सीटवर. पंधरा वर्षांत त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. मी नको म्हणेपर्यंत तिने दार लावूनही घेतलं.

म्हाताऱ्याला तडा नेमका कुठवर गेलाय ते बघायचं होतं. तो बाहेरून म्हणाला, “काचेवर तोंडाची वाफ सोड गं, म्हणजे दिसेल.”

तिने वाफ सोडली. मग थोडं सरकून पुन्हा सोडली. मग दार किलकिलं करून म्हणाली, “अहो, इथे कुणीतरी काहीतरी मोजलंय.”

वहिनी, मी ते पंधरा हिवाळे बघतोय. एरवी काच स्वच्छ दिसते. थंडीत मी आत जाऊन बसलो, माझाच श्वास काचेला लागला, की त्या रेघा वर येतात. चार उभ्या, त्यांच्यावर एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. छोट्या बोटाच्या. पहिल्या हिवाळ्यात त्या वर आल्या तेव्हा मी दार उघडून शेडबाहेर पळालो होतो. नंतर पळायचा थांबलो. तेव्हापासून रोज सकाळी जाऊन बसतो. कुणाला सांगितलं नाही. मला भीती वाटते आणि मी गेल्याशिवाय राहत नाही, असं आहे.

म्हातारीने सवयीने खिशातून फडकं काढलं. मी ओरडलो. तिचा हात तिथल्या तिथे थांबला.

“कुणी काढल्यात?”

“माझ्या पुतणीने. लाल गाड्या मोजत होती.”

“आणि तुम्ही कुठे होता?”

“समोरच्या दुकानात.”

ती परत वाफ सोडत सोडत मोजायला लागली. पाचपाचचे आठ गठ्ठे आणि वर तीन. “त्रेचाळीस!” ती म्हणाली. “एवढा वेळ? एकटी? किती होतं वय?”

“सात.”

“केवढं शहाणं पोर हो.”

वहिनी, भिंगरीला शहाणी म्हटलेलं मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आणि तेही एका परक्या बाईच्या तोंडून, जिने तिला कधी पाहिलं नाही.

तुम्हाला आठवतंय, त्या दिवशी दादाने मला विचारलं, “किती वेळ गेला होतास?” मी म्हणालो, दोन मिनिटं. तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. तुम्ही म्हणालात, “दोन मिनिटंसुद्धा बसवलं नाही ना तिला.” आणि मी मान हलवली. मी एवढंच केलं, मान हलवली. मग सगळे तेच म्हणायला लागले. भिंगरीच ती, एका जागी ठरणार कशी. शेजारी म्हणाले, शाळेतल्या बाई म्हणाल्या. ‘मीच तिला शिस्त लावली नाही,’ असा तुम्ही स्वतःलाच बोल लावत राहिलात. मला एका शब्दाने बोलला नाहीत. त्याच्यामुळेच मला तुमच्या घरी येता येईना. तुम्ही शिव्या घातल्या असत्या तर आलो असतो.

दोन मिनिटं नव्हती वहिनी. तिच्या बाजूची काच खालीवर करायची मूठ तुटली होती, ती शोधायला मी त्या जुन्या सामानाच्या दुकानात शिरलो. बाहेर पाऊस होता, काचा बंद. तिला म्हणालो, मी येईपर्यंत दार उघडायचं नाही, लाल गाड्या मोज, आल्यावर विचारतो. मूठ मिळाली. मग दुकानदाराने एका जुन्या इंजिनचं काहीतरी काढलं, आणि तुम्हाला माहीत आहे मी कसा आहे. गप्पा मारत बसलो. मी तिला विसरलो. हे वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली.

पुढे मी त्या रस्त्यावर घड्याळ घेऊन उभा राहिलो. त्याच वारी, त्याच वेळेला, अकरा वेळा. त्रेचाळीस लाल गाड्या जायला चाळीस मिनिटांपेक्षा कमी वेळ एकदाही लागला नाही. एकदा तर तास लागला. धुकट काचेतून तिला बाकी काही दिसत नसणार, फक्त लाल रंग. तेवढ्यावर ती बसून राहिली. काका सांगून गेलाय म्हणून. मग मी येईनाच, तेव्हा मला बोलवायला उतरली असेल. मूठ माझ्या हातात होती तेव्हा ब्रेकचा आवाज ऐकला.

तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘धाकटा शांत आहे, तासन्‌तास एका जागी बसतो, भिंगरीसारखा नाही.’ मी या वाक्याला दोनदा बगल दिली. माझा बेत काय होता ते सांगतो, लपवत नाही. काच बदलायची, जुनी माझ्याच हाताने फोडून टाकायची, गाडी धाकट्याला द्यायची आणि मरेपर्यंत गप्प बसायचं. तडासुद्धा त्या रेघांकडेच चालला होता. मला वाटलं, बरं झालं, आपोआपच मिटेल. पण म्हातारी ‘शहाणं पोर’ म्हणाली आणि मला लाज वाटली. त्या दोन मिनिटांनी मी माझी कातडी वाचवली आणि लेकराचं नाव खराब केलं. ते तुमच्याकडून घेतलेलं आहे, तुम्हालाच परत द्यायला हवं.

म्हाताऱ्याला मी सगळं सांगितलं नाही, पण त्याला कळलं असावं. त्याने रबर वरून कापलं, बोटभर बोटभर करत. दोन तास लागले. म्हातारी आतून तळवे न टेकवता, फक्त बोटांच्या टोकांनी कडा धरून बसली होती. काच अख्खी निघाली. तडा पहिल्या गठ्ठ्याच्या जरा अलीकडे थांबलाय. नवी काच बसवायला त्यांना वीस मिनिटं पुरली.

जुनी काच माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे, आतली बाजू समोर, काचेला टेकणार नाही असं पांघरूण टाकून. मी आता तिच्यावर वाफ सोडत नाही. तो हक्क माझा नाही.

गाडी न्यायला धाकट्याला एकट्याला पाठवलंत तरी चालेल. मला भेटू नका, बोलू नका, मी बाहेर जाऊन उभा राहीन. पण तुम्ही एकदा या. सकाळी लवकर या, खोली गार असते. पांघरूण काढा, तोंड जवळ न्या आणि डावीकडून मोजत जा. मग ती पुसायची की ठेवायची ते तुम्ही ठरवा.

ती बसली होती, वहिनी.

भिंगरीचा काका