माती जाळणारं बेट

आबा, तुमचं बेट सापडलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आता हे सांगायचं तरी कुणाला, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आहे. माझ्याकडच्या नकाशात बोटाच्या नखाखाली झाकून जातं. गारगोटीला आपल्या गोठ्यात धार काढता काढता तुम्ही त्याच्या गोष्टी सांगायचात. दुसऱ्या महायुद्धात तुम्हाला एका नदीच्या नावाच्या बोटीवरून तिथं शिकायला नेलं होतं, पाण्याखालच्या बोटी नुसत्या आवाजावरून हुडकायला. कानाला यंत्र लावून तास न् तास बसायचं. शिकवणारा साहेब म्हातारा, पण आवाज जनावरांच्या बाजारातल्या हेड्यासारखा, चुकलं की अख्खी बोट हादरायची. तुम्ही त्याची नक्कल करायला लागलात की आई आतून ओरडायची, "पुरं करा ते बिलायतपुराण, म्हस पान्हा चोरतीया!" मी वैरणीच्या ढिगावर बसून ऐकतेय, सातआठ वर्षांची, आणि तुमचं एक न् एक अक्षर मला खरं वाटतंय.

आता त्या दिवसाचं. नव्वदनंतरचं साल, तुम्ही कोल्हापुरात माझ्याकडे राहायला आला होता, आणि माझ्या लेकीला बघायला पुण्याची माणसं आली होती. मी शाळेतून रजा घेतलेली, सोफ्यावर नवी चादर, पोहे, बर्फी, सगळी जय्यत तयारी. तुम्हाला मी दोनदा सांगितलं होतं, आबा, जरा हळू बोला. तुम्ही कसले हळू बोलताय! पाहुणा सहज म्हणाला, आमचा मुलगा कंपनीच्या कामानं इंग्लंडला जाऊन आलाय. झालं! तुम्ही बशी खाली ठेवलीत. "पावणं, आमी लढाईत त्येच्याबी वर गेलतो की! बेटावर. उन्हाळ्यात रातच्या दहाला ऊन. आन तिथली माणसं चुलीत माती जाळत्यात, माती!" मुलाच्या आईनं तोंडाला पदर लावला. मुलगा तर उघडच हसला. तुम्हाला त्याचं काही नाही. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत, "खोटं वाटतंय व्हय? इचारा की आमच्या मास्तरणीला." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी हसून, अगदी पुणेरी सुरात म्हणाले, "आबांचं मनावर घेऊ नका हं. वय झालंय. कुठंतरी ऐकलेलं स्वतःचं म्हणून सांगतात." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, फार वेळ नाही. "व्हय," म्हणालात, "वय झालंय." आणि उरलेला चहा संपवलात.

ते स्थळ जमलं नाहीच. पण तुमचं बेट त्या दिवशी जे बंद झालं ते झालंच. लेकीनं एकदा लाडात येऊन म्हटलं, आजोबा, त्या साहेबाची नक्कल करा की. तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, "तुझ्या आईस इचार. तिला समदं ठावं हाय." मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मी हलले नाही. तुम्ही माझ्यावर कधी ओरडला असता ना आबा, तर मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते. तुम्ही ओरडला नाहीत. दोन वर्षांत गेलात.

शोधायला लागले ते पुढं सात-आठ वर्षांनी. ट्रंकेतले कागद वाळवीनं कधीच खाल्लेले. गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, आबा पलटणीत होते. आपल्याकडं लढाईवर गेला म्हणजे पलटणीत गेला, दुसरं काही असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. गोठ्यातल्या गोष्टीत बोटी असूनही माझ्याही आलं नाही. मग मी बेळगावला पलटणीच्या केंद्रात खेटे घातले, कोल्हापुरात माजी सैनिकांच्या कचेरीत जाऊन बसले. तिथल्या माणसानं जुनी बाडं उपसली, चष्मा काढला. "न्हाय बाई. ह्या नावाचा माणूसच न्हाय पलटणीत." आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हणजे मी तेव्हा बोलले ते बरोबरच होतं की काय, असं मनात आलं. बापाला खोटं पाडून लेकीला बरं वाटतंय! एसटीत बसल्यावर माझी मलाच किळस आली.

त्याच एसटीत नृसिंहवाडीचं आठवलं. आईचा नवस फेडायला आपण गेलो होतो, नदीला पाणी होतं आणि नाव घाटाला ठरेना. तुम्ही नावाड्याच्या हातातला दोर घेतलात आणि खांबाला तुमची ती गाठ मारलीत, म्हशीच्या दाव्याला मारायचात तीच. कितीही ताण बसू दे, आवळायची नाही, आणि सोडताना नुसतं बोट लावलं की सुटायची. नावाडी बघतच राहिला. "पावणं, बोटीवर हुतासा काय?" तुम्ही म्हणालात, "हुतो की, चार वर्सं." मी तिथंच उभी होते, पोरीला प्रसाद भरवत. ऐकलं आणि सोडून दिलं. आरमार, आबा! समुद्र नसलेल्या गावचा माणूस आरमारात, आणि आम्ही तुम्हाला पलटणीत हुडकतोय.

मग राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत जाऊन एका बोटानं टाईप करत बसले. आरमार, पाणबुड्या, शिकवणारा साहेब असं टाकता टाकता बेटाचं नाव हाती आलं. लेक एव्हाना लग्न होऊन पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत. तिनं त्या बेटावरच्या छोट्या संग्रहालयाचा पत्ता काढून दिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तिथं हौसेनं काम करणाऱ्या एका म्हातारीचं. लढाईत ती शाळकरी पोर होती. नव्या बोटी पंधरा-पंधरा दिवस शिकायला यायच्या, त्यांत हिंदुस्थानची एक आली होती, नदीच्या नावाची. तुम्ही सांगायचात तीच नदी. साहेबाचा आवाज काठावरच्या घरात ऐकू यायचा म्हणे. ती लिहिते, ते खलाशी आमच्या गावच्या हॉलमधल्या शेगडीपाशी येऊन बसत, आणि शेगडीत काय जळतंय ते पुन्हा पुन्हा वाकून बघत. एकानं तिला उकडलेल्या बटाट्यावर फडक्यातली तांबडी चटणी लावून दिली होती, आणि ती पोर पाण्याकडे पळत सुटली तेव्हा तो बिचारा घाबरून तिच्यामागं धावला होता. ते तुम्हीच, असं म्हणायचा फार मोह होतोय. पण नावं कुठं नाहीत, आणि बोटीवर चटणी खाणारी माणसं काय कमी असतील. तरी मी तो कागद छापून घेतला, आणि कॅफेतून बाहेर येऊन रस्त्यावरच रडले. चहावाला म्हणाला, "काकू, कोण गेलं काय?"

लेकीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, मनाला लावून घेऊ नकोस. तुला तेव्हा काय माहीत होतं?" मी "हं" म्हटलं. पण आबा, तुम्हाला कशी फसवू? मी तेव्हा नववीला भूगोल शिकवत होते. थंड देशांत दलदलीतली कुजलेली माती कापून, वाळवून जळणाला वापरतात, हे दरवर्षी पोरांकडून घोकून घेत होते. उत्तरेला उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही, तेही. म्हणून तर तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. त्या खोलीत तुमचं खरं आहे हे एकट्या मला ठाऊक होतं. मला लाज वाटली ती तुमच्या "गेलतो की"ची, बशीत ओतलेल्या चहाची, तुमच्या मोठ्या आवाजाची. तुमची लाज वाटली, आबा. आणि एवढी वर्षं मी पुरावा गोळा करत हिंडले, ते मला सगळं आत्ताच कळलं असं दिसावं, लोकांनी "तिला माहीत नव्हतं" म्हणावं म्हणून.

लेक उद्या यायची आहे. तिच्या हाती लागू नये म्हणून हे पत्र मी कपाटात कुलूप लावून ठेवणार आहे. मला तेव्हाही ठाऊक होतं, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.