नानांची काळी पाच

१२ जुलै १९७३
विद्यापीठात जॅझचा वर्ग. सर पियानोवर चार स्वर वाजवतात, ते ऐकून तिथूनच पुढं आपल्या मनाचं वाजवायचं. माझं बोट शेजारच्या पट्टीवर. पुन्हा तेच. सर म्हणाले, "कान पक्का आहे तुझा, पण प्रत्येक स्वर अर्धा वर धरतेस. शिकलीस कशावर?"
नानांच्या पेटीवर. पोशीर गावात दुसरं होतंच काय!

१५ जुलै
पेटी कर्जतला दुरुस्तीवाल्याकडे नेली. "ताई, ही जुनी होऊन उतरलेली नाय. कुणीतरी एकेका सुराची पितळी जीभ खरवडून सूर अर्धा खाली आणलाय. मुद्दाम."
नाना होते तोवर त्यांच्याशिवाय तिला कोण हात लावणार?

१६ जुलै
आई भातलावणीहून येऊन पाय धूत होती. विचारलं.
"दम लागाया लागला ना गं त्यांना. भजनात काळी पाचची उंच पट्टी सोडली तर लोक हसतील. मग बोट तितंच ठेवलं, सूर खाली आनला. तू शाळंतबी जात नव्हतीस तवा. कुनाला बोलू नको."
आणि गावभर मिरवायचे, काळी पाचच्या खाली आपण गात नाय! असा संताप आला. मग रडले. माझा अख्खा कान त्या लबाडीवर...

१९ जुलै
परीक्षा ५ ऑगस्टला. वर्गातला पियानो आठवड्याला तासभर. सर म्हणतात, घरची पेटी नीट करून रोज बस, तरच कान वळेल. दुरुस्तीवाला दोन दिवसांत करतो म्हणाला. पण, "सुरांच्या जिभा पातळ झाल्यात. एकदा सूर चढवले की परत उतरवता यायचे नाय."

२२ जुलै
भजनी मंडळातले दादूकाका आले. १२ ऑगस्टला नानांच्या वर्षश्राद्धाला भजन ठरलंय, त्यांच्याच पेटीवर.
"आमचे बी गळे थकले गं पोरी. पन तुज्या बापाच्या पेटीवर काळी पाच अजून लागती. दुसऱ्या पेटीवर नाय लागत बघ. त्याचा हात व्हता ना तिच्यावर!"
मी चहा ठेवायला आत गेले. आईनं माझ्याकडं पाहिलंच नाही.

२३ जुलै
कर्जत. पेटी उघडीच ठेवलेली. "करू का वर?"
मी काळी पाच दाबली. खोटी आहे, माहीत आहे. तरी कान म्हणाला, काळी पाचच.
उद्या सांगते म्हणून निघाले.
नाना, मला पास व्हायचंय.