आज ह्यांनी मला नावानं हाक मारली

शनिवार, दिवेलागणीला

"सुमन, पाणी आण." आज ह्यांनी चक्क मला नावानं हाक मारली. लेक झाल्यापासून ह्यांच्या तोंडी मी नुसती 'मंगलची आई'. या वयात लाजले की मी! तांब्या घेऊन गेले ती जणू तरंगतच.

हे नुकतेच दूध संस्थेतून आलते. दुष्काळानं कॅन अर्धेच भरतात, तरी चेअरमन म्हणून रोज जातात. पाणी देताना मी म्हटलं, "मंगलचा फोन आलता."

"कोन मंगल?" म्हणाले, आणि अंगणातल्या कडुलिंबाकडं बघत राहिले.

म्हणजे लेकीचं नाव सापडेना म्हणून माझं घेतलं?

चौसाळ्याच्या डॉक्टरांनी मागंच बजावलं होतं. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की मेंदूतल्या बारीक नसा कडक होतात, अरुंद होतात. मग ठिबकच्या शेवटच्या मोसंबीला पाणी पोचू नये, तसं रक्त पोचत नाही आणि आठवण सुकते. पण ह्यांचं एकच, "काय दुखत न्हाई, मग गोळी कावून खाऊ?"

उद्या उजाडताच दवाखान्यात नेते.

सुमन. किती गोड वाटलं होतं ऐकताना. आता कान लागलेत ते हे परत 'मंगलची आई' म्हणतात का, तिकडं.